एक पास, एक चॅनेल: अवकाश स्थानकाच्या रिपीटरवरील गोंधळाचा प्रकरण अभ्यास

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या कोलंबस कक्षात केनवुडचा टीएम-डी७१०जीए हा हौशी रेडिओसंच बसवलेला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी तो पहिल्यांदा एफएम रिपीटर म्हणून, म्हणजे एका वारंवारतेवर आलेला आवाज दुसरीवर पुन्हा पाठवणारा संच म्हणून, सुरू झाला. जमिनीवरून १४५.९९० मेगाहर्ट्झवर रिपीटर उघडणारा ६७ हर्ट्झचा टोन लावून बोलायचे आणि उत्तर ४३७.८०० वर ऐकायचे. पाच वॉटचा हँडी (हातातला वॉकीटॉकी), हातात धरता येईल असा अँटेना आणि मोकळी गच्ची एवढ्या सामानावर पुण्यातला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, मस्कतशी बोलू शकतो. नुकता परवाना मिळालेल्या माणसासाठी उपग्रहाकडे जाणारे याहून सोपे दार नाही, आणि सगळ्यात जास्त चेंगराचेंगरी त्याच दारात आहे.

इथे तपासायचा प्रसंग म्हणजे सुट्टीच्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या जवळजवळ डोक्यावरून जाणारा एक पास, म्हणजे स्थानकाची उगवण्यापासून मावळण्यापर्यंतची एक फेरी. तो अमुक एका तारखेचा नाही. अशा पासमध्ये पुन्हा पुन्हा जे घडते, ते एकाच पासच्या घड्याळावर मांडले आहे. यात कुणाचाही कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारे ओळखचिन्ह) नाही, कारण दोष एखाद्या व्यक्तीत शोधला की मूळ कारण हातातून निसटते.

जागा किती आणि माणसे किती

स्थानक साधारण ४२० किलोमीटर उंचीवर असते. तिथून क्षितिजापर्यंतचे वर्तुळ काढले तर त्याची त्रिज्या सुमारे २,२०० किलोमीटर भरते. स्थानक मुंबईवर असताना दिल्ली, चेन्नई, कोलकाता, कोलंबो, कराची, मस्कत, दुबई, मालदीव हे सगळे एकाच वर्तुळात येतात. एवढ्या प्रदेशाला मिळून चॅनेल एकच, आणि तेही एफएमचे, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचे. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पास टिकतो दहा-साडेदहा मिनिटे. इमारती आणि डोंगर वजा केले तर कामाची आठेक मिनिटे उरतात.

या आठ मिनिटांचा हिशेब मांडून बघू. नीट केलेला संपर्क असा होतो: एकजण स्वतःचा कॉलसाइन आणि ग्रिड (आपल्या जागेच्या नकाशावरील चौकोनाचा संकेत) सांगतो, दुसरा पहिल्याचा कॉलसाइन घेऊन आपला ग्रिड देतो, पहिला ‘क्यूएसएल, ७३’ (मिळाले, शुभेच्छा) म्हणतो. पुणे एमके६८, कोल्हापूर एमके७६, पणजी एमके६५, नागपूर एमएल९१. बोलायला चार अक्षर-अंक पुरतात. सगळे मिळून पंधरा सेकंद. म्हणजे आठ मिनिटांत तीस संपर्क होऊ शकतात. सुट्टीच्या संध्याकाळच्या पासचे रेकॉर्डिंग ऐकून पूर्ण झालेले संपर्क मोजायला घेतले, तर बोटे पुरतात.

पास कसा जातो

स्थानक नैर्ऋत्येला अरबी समुद्रावरून वर येते. पहिल्या मिनिटाला मस्कतकडचा एक स्टेशन स्वच्छ ऐकू येतो आणि एकदाच कॉल करतो. त्याला उत्तर मिळायच्या आत कुणीतरी नुसतीच पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबतो आणि दोन सेकंद रिकामा कॅरिअर, म्हणजे आवाजाविना नुसती लहर, जाते. रिपीटर लागतोय का, एवढेच त्याला बघायचे असते. गावातल्या रिपीटरवर की मारली (बटण दाबून सोडले) की रिपीटर बंद होतानाचा शेपटीचा आवाज परत येतो, ती सवय इथे आलेली असते. पाठोपाठ दुसरा म्हणतो, ‘हॅलो, हॅलो, टेस्टिंग, वन टू थ्री.’ कॉलसाइन नाही. मस्कतचा स्टेशन पुन्हा कॉल करतो, पण आता त्याच्यावर तिघेजण एकदम बोलतात आणि चॅनेलवर नुसती किंकाळी उठते.

तिसऱ्या मिनिटाला एकजण एका ओळीत तीन वेळा सीक्यू (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) देतो. त्याला उत्तर येते, दोघांकडून, स्पष्ट. तो पुन्हा सीक्यू देतो. पुन्हा उत्तर येते, तो पुन्हा सीक्यू देतो. ऐकणाऱ्याला वाटते की माणूस उद्धट आहे, कुणाला किंमतच देत नाही. हा क्षण लक्षात ठेवायला हवा. या सबंध प्रकरणाची किल्ली इथे आहे.

पाचव्या मिनिटाला स्थानक डोक्यावर येते. आता एकाच शहरातले दोन मित्र एकमेकांना गाठतात. ‘सर, माझा ऑडिओ कसा येतोय?’ ‘फाइव्ह नाइन सर, एकदम मस्त. अँटेना कुठला वापरताय?’ हे दोघे दुपारीच स्थानिक रिपीटरवर बोललेले असतात. उरलेल्या अर्ध्या भारतासाठी चाळीस सेकंद गेलेले असतात. मग कुणीतरी चिडून चॅनेलवरच सुनावतो: ‘आधी ऐका, मग बोला! बाकीचेही थांबलेत.’ म्हणणे अगदी खरे, पण त्यात आणखी दहा सेकंद जातात. त्याला उत्तर द्यायला आणखी दोघे येतात. कुणी शिट्टी मारतो, कुणी मोबाइलवरचे गाणे माइकसमोर धरतो.

आठव्या मिनिटाला स्थानक ईशान्येला उतरू लागते. काठमांडूकडचा एक मंद आवाज एकदा, दोनदा येतो. त्याच्यावर पुन्हा ‘हॅलो टेस्टिंग’. पास संपतो.

तो उद्धट नव्हता, त्याला ऐकूच येत नव्हते

तीन वेळा सीक्यू देणाऱ्या माणसाकडे परत येऊ. त्याच्या हँडीवर ४३७.८०० लावलेले आहे, कारण सगळीकडे तोच आकडा लिहिलेला असतो. पण स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावते, त्यामुळे उगवताना त्याचा आवाज ४३७.८१० वर असतो आणि मावळताना ४३७.७९० वर. हा डॉप्लरचा परिणाम पासभर सारख्या गतीने बदलत नाही. डोक्यावरून जाणाऱ्या पासमध्ये पहिली चार मिनिटे वारंवारता ४३७.८१० च्या आसपासच राहते. मग मधल्या पावणेदोन मिनिटांत ८०५, ८००, ७९५ हे टप्पे भराभर जातात, अगदी मध्यावर तर सेकंदाला २०० हर्ट्झ इतक्या वेगाने. नंतर शेवटपर्यंत ती ४३७.७९० जवळ टिकते.

म्हणजे ४३७.८०० वर हँडी ठेवून बसलेल्या माणसाला दहापैकी जेमतेम पावणेदोन मिनिटे नीट ऐकू येते. बाकीच्या वेळात तो बहिरा असतो. त्याचा स्वतःचा आवाज मात्र वर उत्तम पोहोचतो, कारण १४५ मेगाहर्ट्झवर डॉप्लर साडेतीन किलोहर्ट्झच्या आत राहतो आणि एफएममध्ये तेवढे खपून जाते. तोंड उघडे आणि कान बंद अशी ही अवस्था या चॅनेलच्या रचनेतच आहे. जो मुद्दाम खटपट करून कान उघडत नाही, तो आपोआप गोंधळ घालणारा ठरतो.

कान बंद करणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. स्क्वेल्च (मंद आवाज आणि खरखर गाळणारी मर्यादा) तीनवर ठेवलेला असतो, मग मंद आवाज उघडतच नाही. टोन लावताना पाठवायच्या टोनबरोबर घ्यायचा टोनही लावला जातो. मग हँडी खालच्या आवाजात ६७ हर्ट्झ शोधत बसतो, ते सापडत नाहीत आणि स्पीकर मुका राहतो. हँडीसोबत आलेला आखूड रबरी अँटेना सरळ उभा धरलेला असतो. उभ्या अँटेनाला नेमके डोक्यावरचे सर्वांत कमी ऐकू येते.

आणखी एक चूक तर पुरती व्यर्थ. अवकाशचालन, यानाची जोडणी किंवा शाळांशी संवाद असला की रिपीटर बंद ठेवतात, कधी त्याऐवजी १४५.८२५ वर पॅकेट (डिजिटल संदेश) चालू असते. अशा पासलाही १४५.९९० वर दहा मिनिटे सीक्यू देणारे असतात. अवकाश स्थानकावरील हौशी रेडिओ कार्यक्रम, म्हणजे एरिस, रिपीटर चालू आहे की बंद हे जाहीर करतो. ते बघायला अर्धे मिनिट लागते.

कान उघडण्याची तयारी

पाच मेमरी चॅनेल भरावेत. ऐकण्यासाठी अनुक्रमे ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५ आणि ४३७.७९०. पाचही चॅनेलवर पाठवण्यासाठी १४५.९९० आणि ६७.० चा टोन. चर्प या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘डुप्लेक्स’च्या रकान्यात ‘स्प्लिट’ निवडले की हे जमते. बाओफेंग यूव्ही-५आर असेल तर मेनू ० मध्ये स्क्वेल्च शून्य, मेनू ७ मधले दोन वारंवारता ऐकणे बंद, मेनू ११ मधला घ्यायचा टोन बंद आणि मेनू १३ मध्ये ६७.० टोन चालू. स्क्वेल्च शून्यावर सतत खरखर येते. ती सहन करायची. खरखर अचानक दबली की स्थानक आले हे कळते, बोलणे ऐकू येण्याच्याही आधी.

एवढे केले तरी एका हँडीवर स्वतः बोलत असताना ऐकता येत नाही. म्हणून दोन संच घ्यावेत: एक फक्त पाठवायला, दुसरा फक्त ऐकायला. दुसरा संच म्हणून मोबाइलला जोडलेला आरटीएल-एसडीआर डाँगलही (फक्त ऐकणारे छोटे उपकरण) चालतो. ऐकणाऱ्या संचाला इअरफोन हवाच. स्पीकर उघडा ठेवला तर खाली आलेला आपलाच आवाज माइकमध्ये शिरतो आणि जी कर्कश घूं सुरू होते, ती दुबईपासून कोलकात्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जाते.

दोन संच जवळजवळ ठेवले की नवी अडचण उभी राहते. १४५.९९० ची तिप्पट ४३७.९७०, आणि आपण ऐकतो आहोत ४३७.८०० वर. स्वस्त हँडीची तिसरी हार्मोनिक, म्हणजे तिप्पट वारंवारतेवर गळणारा सिग्नल, तिथेच पडते. शिवाय शेजारून येणाऱ्या पाच वॉटने ऐकणाऱ्या संचाचा पुढचा टप्पा दबून जातो. मग बोलायला लागताच कान बंद. पुष्कळजण इथे कोअक्स केबलचा पाव-तरंग स्टब (पाव तरंगलांबीचा, नको ती वारंवारता अडवायला जोडलेला तुकडा) करून बघतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण स्टब एका वारंवारतेला जसा वागतो तसाच तिच्या तिपटीलाही वागतो. पाठवणाऱ्या संचाला १५० च्या आसपास कापणारा लो-पास फिल्टर आणि ऐकणाऱ्याला ४०० च्या वरचेच सोडणारा हाय-पास फिल्टर हा खरा उपाय. नसल्यास दोन अँटेना एकमेकांना काटकोनात धरावेत आणि संचांत दोन-तीन मीटर अंतर ठेवावे. एकच दुहेरी अँटेना असेल तर मध्ये दोन्ही वारंवारता वेगळ्या करणारा चांगला डायप्लेक्सर लागतो.

पाठवण्याचा अँटेना घरी होतो. लोखंडी मोजपट्टीची तीन घटकांची यागी, म्हणजे एका दिशेला रोखायचा अँटेना: मागचा परावर्तक १०५ सेंटीमीटर, मधला चालित घटक ४५-४५ सेंटीमीटरचे दोन तुकडे, पुढचा निर्देशक ८९ सेंटीमीटर. परावर्तक ते चालित अंतर २० आणि चालित ते निर्देशक ३२ सेंटीमीटर. चालित घटकाच्या दोन तुकड्यांवर तांब्याच्या तारेचे छोटे हेअरपिन (यू आकारात वाकवलेला तुकडा) डाखावे, कण्याला अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप पुरतो. मोजपट्टीवरचा रंग खरवडल्याशिवाय डाख धरत नाही. बहुतेकांचा पहिला अँटेना तिथेच फसतो.

मोठ्या आवाजाची जबाबदारी

एफएममध्ये दोन आवाज एकदम आले तर जोरदार तेवढा टिकतो, आणि बरोबरीचे असले तर दोघांचीही किंकाळी होते. क्षितिजावरच्या स्टेशनपासून स्थानक २,३५० किलोमीटरवर असते, नेमक्या खाली असलेल्यापासून ४२०. हा फरक शक्तीत मोजला तर सुमारे ३० पट पडतो. म्हणजे पुण्यातला पाच वॉटचा हँडी त्या क्षणी क्षितिजावरच्या ५० वॉटच्या स्टेशनलाही सहज दाबतो. पास डोक्यावर आला की आपला संच ‘मस्त चालतोय’ असे वाटते, ते याचमुळे, आणि म्हणूनच तेव्हा थांबून ऐकणे सगळ्यात गरजेचे असते. काठावरच्या स्टेशनला पासची पहिली आणि शेवटची दीड-दोन मिनिटेच मिळतात. ती त्यांना सोडावीत. मधल्या मिनिटांत जवळच्यांनी आपसांत आटोपून घ्यावे, आणि ज्याच्याशी एकदा ग्रिडची देवघेव झाली त्याला त्याच पासमध्ये पुन्हा गाठू नये.

कॉल करायचा तो एकदाच, मग पाच सेकंद शांत राहायचे. सीक्यूपेक्षा, ऐकू आलेल्या स्टेशनचे नाव घेऊन थेट हाक मारणे कधीही चांगले. त्यात वेळ वाचतो आणि आपल्याला ऐकू येते आहे हे समोरच्याला आपोआप कळते. स्वतःचा आवाज खाली परत येतो का, हे तपासण्यासाठीही कॉलसाइन एकदा म्हणणे पुरते. ‘हॅलो टेस्टिंग’ने कळते त्यापेक्षा जास्त त्याने कळते, आणि ते कायदेशीर आहे. नुसती की मारणे कायदेशीर नाही.

चॅनेलवर कुणाला शिस्त लावू नये, हे सांगायला जड जाते, कारण राग खरा असतो. पण ज्याला ऐकू येत नाही त्याला रागावणेही ऐकू येत नाही, आणि जो मुद्दाम शिट्टी मारतो त्याला रागावणे हेच बक्षीस असते. मुद्दाम त्रास देणाऱ्याला उत्तर देऊ नये. वेळ आणि दिशा लिहून ठेवावी, रेकॉर्डिंग जपावे. तेच तेच पुन्हा घडत असेल तर क्लबमार्फत दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे लेखी द्यावे. ओळखीचा आवाज असेल तर पास संपल्यावर फोन करून ‘दादा, तुम्ही ८०० वरच ऐकत होता का?’ एवढे विचारावे. बहुतेक वेळा उत्तर ‘हो, मग?’ असे येते, आणि पुढच्या रविवारी तो माणूस वेगळाच वागतो.

ही पडझड कुठून आली

मोर्सची (डिट-डा या ठिपके-रेषांच्या संकेतांची) अट गेली आणि दर्जा गेला, असे जुनेजाणते हॅम म्हणतात. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने मोर्स ऐच्छिक केले, आणि भारतात रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा परवाना मोर्सविना मिळतो, हे खरे. पण या पासमध्ये जे बिघडते त्याचा डिट-डाशी फारसा संबंध नाही. मोर्स शिकताना माणूस महिनोन्महिने ऐकत बसायचा, तो काळ गेला हे खरे नुकसान. १९७८ च्या भारतीय नियमांत नुसते लघुलहरी ऐकणाऱ्यासाठीही परवान्याची वेगळी श्रेणी होती. आधी कान तयार व्हायचा, मग तोंड. आता परीक्षेचा निकाल लागला की हातात हँडी येतो आणि पहिला संपर्क व्हिडिओसाठी हवा असतो. परीक्षेत ओहमचा नियम विचारतात. पाच सेकंद थांबून ऐकणे परीक्षेत मोजता येत नाही, ते शेजारी बसूनच शिकवावे लागते. शिकवणारे कमी नाहीत, पण ते गच्चीवर यायचे थांबले आहेत, आणि हा दोष नवख्यांचा नाही.

विनापरवाना हँडीचा प्रश्न वेगळा आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये वॉकीटॉकींच्या ऑनलाइन विक्रीवर मार्गदर्शक नियम काढले. पण आधी विकले गेलेले संच लोकांच्या घरात आहेतच. अशा माणसाला परीक्षेचा रस्ता दाखवणे हे त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा उपयोगाचे. वयाची बारा वर्षे पूर्ण असली की परवान्यासाठी अर्ज करता येतो.

१४५.८०० ची वेगळी काळजी

शाळांशी होणारा संवाद १४५.८०० वर खाली येतो. ४ जुलै २०२५ रोजी शुभांशु शुक्ला यांनी बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातील विद्यार्थ्यांशी हौशी रेडिओवरून संवाद साधला. अशा वेळी आपल्याकडे ऐकणाऱ्यांची संख्या एकदम वाढते आणि कुणी ना कुणी १४५.८०० वर ‘हॅलो’ म्हणतो. अंतराळवीर तिथे ऐकत नसतो. त्याचा ऐकण्याचा चॅनेल दुसरा असतो आणि तो जाहीर करत नाहीत. त्या ‘हॅलो’ने वर काहीच पोहोचत नाही, मात्र पंधरा-वीस किलोमीटरच्या परिसरात हेडफोन लावून बसलेल्या मुलांचे ऐकणे पुसले जाते. काही गावांत स्थानिक मंडळी रोजच्या गप्पांसाठी १४५.८०० च्या वरची वारंवारता धरून बसतात, त्यांनीही ती सोडावी. १४५.८०० ते १४६.००० हा पट्टा उपग्रहांसाठी राखलेला आहे, आणि गप्पांना खाली भरपूर जागा आहे.

नवख्याने कुठून सुरुवात करावी

पहिले तीन पास पीटीटीला हात न लावता ऐकावेत, प्रत्येक कॉलसाइन वेळेसह वहीत लिहावा आणि पाच चॅनेल बदलायची सवय हाताला लावावी. एका पासमध्ये पाच कॉलसाइन बिनचूक उतरले की कान तयार झाला असे समजावे. मग पहिला कॉल डोक्यावरच्या पासला करू नये. स्थानक ज्या दिवशी नैर्ऋत्येला अरबी समुद्रावरून पंधरा-वीस अंश उंचीने जाते, तो पास निवडावा. त्या वेळी वर्तुळाचा मोठा भाग पाण्यावर असतो आणि उत्तर भारताचा बहुतेक भाग काठावर किंवा त्याबाहेर राहतो. डॉप्लरही सावकाश बदलतो, त्यामुळे चॅनेल बदलायला सवड मिळते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरून तर समोर क्षितिजापर्यंत काहीच आडवे येत नाही. अशा पासला चॅनेल कधीकधी सलग अर्धा मिनिट रिकामे असते, आणि तिकडून मस्कत किंवा मालेचा स्टेशन एकटाच हाक देत असतो.